कमरेची नाडी, न भरणारी जखम आणि कातडीचा कॅन्सर

जेवणंखाणं उरकून कुणी तांदूळ निवडत, कुणी लेकराला मांडीवर थोपटत रेडिओजवळ बसला असाल. एरवी आम्ही तुमच्याशी बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं बोलतो. आज बोलणार आहोत आपल्या कातडीबद्दल आणि कातडीला होणाऱ्या कॅन्सरबद्दल.

कॅन्सर म्हटलं की पोटात गोळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. स्तनाच्या, गर्भपिशवीच्या तोंडाच्या आणि तंबाखू-मिश्रीने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आशाताईंनी आपल्याला सांगितलंय. कातडीच्या कॅन्सरबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. तो गोऱ्या लोकांचा, थंड मुलखातला आजार, असं आपण धरून चालतो. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. आपल्या कातडीतला सावळा रंग उन्हापासून आपलं रक्षण करतो. गोऱ्या कातडीला ऊन जितकं बाधतं, तितकं आपल्याला बाधत नाही. पण हा आजार आपल्याकडे दुसऱ्या वाटेनेही येतो, आणि ती वाट आपल्या रोजच्या नेसण्यातून, चुलीतून आणि जुन्या जखमांतून जाते.

आधी कातडी कशी असते ते बघू. भाकरी फुगली की तिला वर एक पातळ पापुद्रा येतो, तसा कातडीला वर एक पातळ थर असतो. या थराच्या तळाशी लहान गोल पेशी असतात. त्या सतत नव्या पेशी तयार करतात. नव्या पेशी वर सरकत चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. अंग चोळताना मळ निघतो, त्यात अशा गळलेल्या पेशीही असतात. या थरात रंग देणाऱ्या पेशीही असतात.

तळाच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर बेसल सेल कॅन्सर म्हणतात, आणि वरच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्याला स्क्वॅमस सेल कॅन्सर. आज आपण या दोघांबद्दल बोलणार आहोत. रंगाच्या पेशींचा कॅन्सर, म्हणजे मेलॅनोमा, तिसरा. तो आपल्याकडे कमी दिसतो, पण फार झपाट्याने पसरतो. त्याच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग आला आणि तो वाढत असेल, तर लगेच डॉक्टरला दाखवायचा.

बेसल सेल कॅन्सर बहुतेक वेळा तोंडावर येतो, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कडेला. लहानशी चकचकीत गाठ किंवा पुटकुळी असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती पुष्कळदा काळपट दिसते, म्हणून आपण तिला तीळ किंवा चामखीळ समजतो. पुढे मध्यभागी खड्डा पडतो, खपली धरते, खपली पडली की रक्त येतं, पुन्हा खपली धरते. हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खोल जातो. नाक, पापणी कुरतडल्यासारखी होते.

स्क्वॅमस सेल कॅन्सर मात्र आधी जवळच्या गाठींत आणि मग शरीरात इतरत्र पसरू शकतो. बरीच वर्षं न भरलेल्या जखमेवर किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर येतो तो बहुतेक वेळा हाच.

जखमेतून कॅन्सर का होतो? जखम भरायची म्हणजे शरीराला तिथे नव्या पेशी तयार कराव्या लागतात. जखम आठ-पंधरा दिवसांत भरली, की काम संपलं. पण तीच जागा रोज घासली जात असेल, दाबली जात असेल, पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर शरीर वर्षानुवर्षं तिथे पेशी तयार करतच राहतं. गोधडीला एकाच जागी ठिगळावर ठिगळ लावत राहिलं, की कधीतरी टाका चुकतो. तसंच एखाद्या पेशीचं चुकतं. ती थांबायचं विसरते आणि वाढत सुटते. तोच कॅन्सर.

हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. काश्मीरमध्ये कडाक्याची थंडी असते. तिथली माणसं निखाऱ्यांनी भरलेली कांगडी अंगरख्याच्या आत धरून शेकतात. वर्षानुवर्षं शेक लागून मांडीच्या आणि पोटाच्या कातडीला कॅन्सर होतो, त्याला कांगडी कॅन्सर असं नावच पडलं आहे. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहिलं. धोतर कमरेला जिथे घट्ट आवळलं जातं, नेमक्या त्याच जागी तो होत होता. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवरही तसाच कॅन्सर आढळला, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याला साडी कॅन्सर म्हटलं.

आणि आता अलीकडची गोष्ट. २०२४ साली आपल्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत डॉक्टरांच्या एका नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची. परकराची नाडी कमरेला घट्ट बांधायची तिची सवय. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरलेली जखम होती. दुसरी साठी ओलांडलेली. चाळीस वर्षं ती रोज लुगडं नेसत होती, आत परकर नाही, लुगडंच कमरेला घट्ट आवळायचं. तिची जखम दोन वर्षांची. तपासणीत दोघींनाही कातडीचा कॅन्सर निघाला, आणि दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

मैत्रिणींनो, दीड वर्ष आणि दोन वर्षं हे आकडे लक्षात ठेवा. या बायकांना जखम दिसत नव्हती का? रोज आंघोळ करताना दिसत होती. रोज नाडी बांधताना झोंबत होती. तरी बाई दवाखान्यात उशिरा जाते. का, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जागा झाकलेली, दाखवायची कुणाला? डॉक्टर पुरुष असला तर नाडी सोडायची कशी? सोयाबीन काढणीला आलंय, मजुरी बुडते. आणि फारसं दुखतही नाही. न दुखणाऱ्या दुखण्यासाठी बाईने खर्च मागायचा म्हणजे घरात चार बोलणी ऐकायची.

म्हणून आधी कमरेचं बोलू. हा कॅन्सर होतो तो थोड्याच बायकांना. लाखो बायका रोज नाडी बांधतात आणि त्यांना काहीही होत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. दोष साडीचा, लुगड्याचा नाही. दोष आवळण्याचा आहे. बारीक दोरीसारखी नाडी, रोज एकाच जागी, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्यात घाम, धूळ, वाकून निंदणी-खुरपणी, डोक्यावर पाण्याचा हंडा, आणि कमरेला खोचलेला मोबाइल नाहीतर पैशांची पिशवी. आधी त्या जागी खाज येते. मग पट्टा काळा पडतो, काहींचा पांढुरका होतो. कातडी जाड, खरखरीत होते. भेगा पडतात, सोलपटतं. इथपर्यंत कॅन्सर नसतो. इथेच नाडी सैल केली आणि जागेला हवा मिळाली, तर पुढचं सगळं टळतं. पण आपण काय करतो? खोबरेल तेल लावतो आणि त्याच जागी पुन्हा गाठ मारतो.

आता करायचं काय? यात खर्च जवळजवळ नाहीच. बारीक नाडीच्या जागी दोन-तीन बोटं रुंद कापडी पट्टी लावा. दाब एका रेषेवर न येता पसरतो. नाडी बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गाठ एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे बांधा. पट्टाही थोडा वर-खाली करा. घरी आल्यावर नाडी सैल करा आणि रात्री झोपताना सैल गाऊन घाला. सासूबाई गाऊनला नाही म्हणत असतील, तर निदान नाडी सोडून झोपा. कमर रोज धुऊन पूर्ण कोरडी करा, ओल्या अंगावर नाडी आवळू नका. कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत त्या जागी काहीच बांधायचं नाही. नऊवारी नेसणाऱ्या आज्या-मावश्यांना नेसणं बदला असं सांगू नका, त्या ऐकणार नाहीत आणि गरजही नाही. खालून मऊ सुती कापडाची घडी ठेवून सैलसर नेसायला सांगा. हाच नियम सलवारीच्या नाडीला, पुरुषांच्या धोतराला आणि करदोट्यालाही लागू आहे.

दुसरी वाट भाजल्याच्या जुन्या व्रणाची. चूल, स्टोव्ह, उकळतं पाणी, आणि भाजणाऱ्यांत बायका-लेकरंच जास्त. लहानपणी भाजलेल्या जागेवर वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, हे बऱ्याच जणींना खरं वाटत नाही. पण होतं. गुडघ्यामागे, कोपरावर, सांध्याजवळ व्रण ताणला जातो, फुटतो, भरतो, पुन्हा फुटतो. असा वारंवार फुटणारा व्रण सांभाळायला हवा. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाची जखम, हाडातून पू वाहत राहणारी जुनी जखम, हीसुद्धा याच यादीत येते.

तिसरी वाट उन्हाची. आपल्या सावळ्या कातडीला उन्हाचा धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही. शेतात जाताना साडीवर घरच्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, डोक्याला रुमाल बांधायचा किंवा पदर घ्यायचा, ही आपल्याकडची रीत चांगलीच आहे. ती सोडू नका. उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परत या, नाहीतर उन्हं उतरल्यावर जा. काही लेकरं जन्मापासूनच केस, भुवया, पापण्या आणि सगळं अंग पांढरंफटक घेऊन येतात. त्यांच्या कातडीत रंगच तयार होत नाही, आणि त्यांना उन्हाने कातडीचा कॅन्सर होण्याचा धोका फार मोठा असतो. अशा लेकरांना उन्हातल्या कामाला लावू नका. पूर्ण बाह्या, मोठी टोपी, छत्री द्या, आणि उन्हाचं मलम कोणतं लावायचं ते डॉक्टरला विचारा. अंगावर पांढरे डाग येतात ते कोड वेगळं. त्याच्याशी याची गल्लत करू नका. दोन्हींतला कुठलाही आजार लागट नाही. किडनी बदललेल्या माणसालाही कायमची औषधं घ्यावी लागतात, त्याने प्रतिकारशक्ती कमी होते. त्यानेही कातडीवर नजर ठेवायला हवी.

आता खुणा सांगतो. हे घरातल्या शिकणाऱ्या पोरीला लिहून घ्यायला सांगा. चार आठवडे झाले तरी न भरणारी जखम. भरून पुन्हा पुन्हा फुटणारी जखम. कडा उचललेल्या, जाड, कडक झालेल्या. हात लागला की रक्त येतं. वास येतो. फुलकोबीसारखा खरबरीत गोळा वाढतो. जुन्या व्रणावर नवी गाठ किंवा नवी चीर पडते. तोंडावर चकचकीत किंवा काळपट गाठ येते आणि तिची खपली पडत राहते. आणि जखमेबरोबर जांघेत किंवा काखेत गाठ लागते, तिला आपण अवधाण म्हणतो. यातलं एकही दिसलं तर दवाखाना गाठायचा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

आणि एक हात जोडून सांगणं. अशा जखमेवर राख, चुना, तंबाखू लावू नका. बिब्बा लावू नका, बिब्ब्याने कातडी भाजते. डाग देऊ नका. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणून महिनोन्महिने चोळत बसू नका. खाज थांबते, पण आतला आजार झाकला जातो.

दवाखान्यात काय होतं, तेही सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. आधी आशाताईला सांगा. ती तुम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेईल. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात पाठवतील. बाई डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असावी, असं तुम्ही म्हणू शकता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर जागा बघतील, जांघेत-काखेत गाठ चाचपतील आणि जखमेचा लहानसा तुकडा तपासायला घेतील. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते टोचतं तेवढंच. बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं गावोगाव बोललं जातं. ते खोटं आहे. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे नक्की कळत नाही आणि उपचारही ठरत नाही. पुष्कळ जखमांत कॅन्सर निघत नाही, हेही लक्षात ठेवा.

कॅन्सर निघाला, तर मुख्य उपचार ऑपरेशन. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी चांगली कातडी काढतात, म्हणजे मूळ मागे राहत नाही. जागा लहान असली तर टाके घालून बंद करतात. मोठी असली तर मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतात. आजार गाठींत गेला असेल तर त्या गाठीही काढाव्या लागतात. काही वेळा वरून किरणांचा शेक देतात. ऑपरेशन झेपणार नाही अशा म्हाताऱ्या माणसालाही हे किरण उपयोगी पडतात. अगदी वरवरच्या लहान आजाराला कधी नुसतं मलम किंवा गोठवण्याचा उपचार पुरतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. लवकर पकडलेला हा कॅन्सर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. उपचारानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवायला जायचं, विशेषतः पहिली दोन वर्षं, कारण तो परत येऊ शकतो किंवा दुसरीकडे नवा होऊ शकतो.

आमच्या कामाच्या भागातल्या एका गटातली बाई. लहानपणी चुलीपाशी पाय भाजलेला, पोटरीवर मोठा व्रण. तो दर उन्हाळ्यात चिरायचा. एकदा चिरला तो वर्षभर भरलाच नाही. घरात म्हणाले, बाहेरचं काही असेल. देवऋषी झाला, अंगारा झाला. ती बैठकीला येईना, कारण जखमेला वास यायचा आणि बाया तिच्यापासून सरकून बसायच्या. गटाच्या अध्यक्षबाई तिच्या घरी गेल्या, पट्टी सोडून जखम बघितली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेल्या. गटाच्या अंतर्गत कर्जातून प्रवासाचे पैसे दिले. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. गाठींत गेला नव्हता. ऑपरेशन झालं, मांडीची कातडी लावली, तीन महिने ती घरी बसली. त्या तीन महिन्यांत गटातल्या बायांनी तिच्या म्हशीची धार काढली, आळीपाळीने. आज ती शेतात जाते. पोटरीवर खड्डा आहे, थोडी लंगडते. कर्जाचे हप्ते तिने सगळे फेडले. आता नव्या बायांना ती स्वतःहून पोटरी दाखवते आणि म्हणते, "माझ्यासारखं वर्ष घालवू नका."

पैशांचं म्हणाल, तर आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि केंद्राचं आयुष्मान कार्ड आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत मिळतात, आणि त्यांत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याच्याकडे जा, कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणते कागद लागतात ते विचारा, आणि मगच कुणाला पैसे देण्याचं बघा. आयुष्मान कार्ड अजून काढलं नसेल तर आजारपणाची वाट बघू नका, आधीच काढून ठेवा.

शेवटी गटांसाठी तीन कामं. पहिलं काम, येत्या बैठकीत वसुली झाल्यावर दार लावून घ्या आणि बायाबायांतच एकमेकींच्या कमरा बघा. हसायला येईल, येऊ द्या. पण नाडीचा पट्टा कुणाचा काळा, कुणाचा जाड, कुणाचा चिरलेला, हे उजेडात बघा. भाजल्याचे जुने व्रण कुणाला आहेत, त्यांची नावं रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा आणि दर तीन महिन्यांनी विचारा. बैठकीला न येणाऱ्या म्हाताऱ्या सासूची, एकट्या राहणाऱ्या चुलतीची कमर घरच्या सुनेने बघायची.

दुसरं काम, ज्या गटांत शिलाई मशीन आहे त्यांनी रुंद पट्टीचे परकर शिवायला घ्या. कमरेला दोन-तीन बोटं रुंद पट्टी, बाजूला हूक किंवा मऊ रुंद इलॅस्टिक. आधी आपल्या गटापुरते शिवा, बाया काय म्हणतात ते बघा, मग आठवडी बाजारात न्या. विकताना का रुंद ते सांगा. प्रत्येक परकराबरोबर ही माहितीही एका घरात जाईल.

तिसरं काम, गटाच्या अंतर्गत कर्जात आजारपणाच्या प्रवासासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. रात्रीतून द्यायची वेळ आली तर ठराव आणि सह्या यांत अडकायला नको. पहिल्या खेपेला भाड्याचे पैसे हातात असले आणि सोबत एक बाई असली, की निम्मी भीती तिथेच संपते.

तुमच्या गटात किती जणींच्या कमरा बघितल्या, ते आम्हाला केंद्रावर कळवा. नावं नकोत, आकडा सांगा. कुणाची जखम चार आठवड्यांहून जुनी निघाली, तर कार्यक्रमाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला आशाताईकडे न्या. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आशाताई आपल्याबरोबर असतील, तुमचे प्रश्न घेऊन. तोवर, आज रात्री झोपताना नाडी सोडून झोपा.